चाफा म्हणजे नेमका कोणता चाफा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोसायटीच्या बागेतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या आहेत. बागेत पिवळ्या फुलांचा सोनचाफा आहे, कुंपणाशी पांढऱ्या फुलांचा चाफा आहे, मांडवावर हिरव्या चाफ्याचा वेल आहे आणि नर्सरीतून ‘नागचाफा’ म्हणून आणलेलं एक झुडूप आहे. चौघांची पानं वेगळी, फुलं वेगळी, मग चौघंही चाफा कसे? खरा चाफा कोणता? ‘चाफा’ हा शब्द आला कुठून आणि ‘चंपा’ म्हणजे चाफाच का?

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आणि रोपवाटिकेच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. चाफ्याच्या नावावरून रोपवाटिकेत होणारा घोळ मी रोजच्या रोज पाहिला आहे. गिऱ्हाईक ‘पांढरा चाफा’ मागतं आणि घरी भलतंच रोप नेतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर सांगते. मूळ चाफा एकच, तो म्हणजे सोनचाफा. बाकी सगळ्या झाडांना हे नाव त्याच्यावरून मिळालं, आणि मिळालं ते वासामुळे. आपल्या लोकांनी चाफ्यांची ही यादी करताना पान, खोड, फळ यातलं काहीच पाहिलं नाही, फक्त नाकाला विचारलं. मराठीत ज्याला ज्याला चाफा म्हणतात ते आठवून पाहा. सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा. यातलं एकही मूळचं निर्गंध नाही. गुलमोहर दिसायला कितीही देखणा असला तरी त्याला कुणी चाफा म्हटलं नाही.

आता शब्दाकडे वळू. संस्कृतात ‘चम्पक’. प्राकृतात शेवटचा ‘क’ गळून ‘चंपय’, ‘चंपअ’ अशी रूपं झाली. पुढे मराठीत अनुस्वार विरला आणि त्याच्या मागचा स्वर लांबला: कंटकाचा कांटा आणि मग काटा झाला, तसाच चंपकाचा चांपा झाला. राहिला प्रश्न ‘प’चा ‘फ’ कसा झाला याचा. ही मराठीची जुनी खोड आहे. पनसाचा फणस झाला, पाशाचा फास झाला, तसा चांप्याचा चांफा आणि चाफा झाला. चापेकर आणि चाफेकर अशी एकाच आडनावाची दोन रूपं आजही कानावर येतात, त्यांतही हीच ओढाताण दिसते. म्हणजे ‘चंपा’ आणि ‘चाफा’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. हिंदीत चंपा, गुजरातीत चंपो, बंगालीत चाँपा. मराठीत बोलताना आपण चाफा म्हणतो, पण खंडोबाच्या सणाला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच म्हणतो. भरीत-रोडग्याच्या त्या नैवेद्याच्या दिवशी जुनं रूप तसंच जपलं गेलं आहे.

‘चम्पक’ मुळात कुठून आला, हा मात्र अवघड भाग आहे. पारंपरिक कोश ‘चम्प्’, म्हणजे जाणे, या धातूकडे बोट दाखवतात. पण जाण्याचा आणि फुलाचा संबंध काही केल्या जुळत नाही, धातू मागाहून शोधून चिकटवल्यासारखा वाटतो. दक्षिणेकडे पाहिलं तर कन्नडमध्ये संपिगे, तेलुगूत संपेंग, तमिळमध्ये शेण्बगम, मल्याळममध्ये चेंबकम असे शब्द आहेत. हे झाड पश्चिम घाटातल्या आणि ईशान्येकडच्या सदाहरित जंगलांतलं आहे. ज्यांच्या रानात झाड उभं होतं त्यांच्या तोंडून नाव संस्कृतात गेलं असावं, असं मला वाटतं. भाषाशास्त्राचे काही अभ्यासकही ‘चम्पक’ हा संस्कृतने बाहेरून घेतलेला शब्द मानतात. तो पूर्वेकडेही पोचला आहे. थायलंडमध्ये चंपा, इंडोनेशियात चंपाका. व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या चाम लोकांच्या प्राचीन राज्याचं नावही चंपाच होतं.

आपल्याकडची चंपा नगरी म्हणजे अंग देशाची राजधानी, आजच्या बिहारमधल्या भागलपूरजवळची. बौद्ध परंपरा सांगते की तिथे चंपक वृक्ष फार होते म्हणून नगरीला ते नाव पडलं. पुराणं म्हणतात, चंप नावाच्या राजावरून पडलं. मला पहिली गोष्ट जास्त पटते. वड, पिंपळ, उंबर, आंबा यांच्यावरून आपल्याकडे इतकी गावं आहेत की चाफ्यावरून एखादी राजधानी असायला काहीच हरकत नाही.

अमरकोशात चाफ्याला तीन नावं एका दमात दिली आहेत: चाम्पेय, चम्पक आणि हेमपुष्पक. हेमपुष्पक म्हणजे सोन्याच्या फुलाचा. आपल्या ‘सोनचाफ्या’तलं सोनं इतकं जुनं आहे. त्याच्या कळीलाही तिथे वेगळं नाव आहे, गन्धफली. हे मला फार आवडतं. उमललेल्या फुलाला नाही, तर कळीला स्वतंत्र नाव द्यावंसं वाटलं, कारण चाफ्याची कळी आहेच तशी. लांबट, सरळ, टोकाकडे निमुळती. आपण ‘चाफेकळी नाक’ म्हणतो ते याच कळीवरून. दागिन्यांतली चंपाकळीही तिचीच. देवळाच्या आवारातल्या पांढऱ्या चाफ्याची कळी कधी जवळून पाहा. पाकळ्या एकमेकींभोवती पिळून ती दोरीसारखी वळलेली असते. तशा नाकाचं कौतुक कुणी केलं नसतं. ‘खरा चाफा कोणता’ याचा निकाल हा एवढा वाक्प्रचारच लावतो.

शास्त्रीय नावातही आपलाच शब्द बसलेला आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली सोनचाफ्याला मिचेलिया चंपाका असं नाव दिलं. त्यातला ‘चंपाका’ त्याला ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथातून मिळाला. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारातल्या वनस्पतींचा हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्याच खंडात ‘चंपकम’ आहे. आपल्यासाठी त्यात जिव्हाळ्याची गोष्ट अशी की या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी दिलेली साक्ष कोकणीत, नागरी लिपीत, त्या ग्रंथात छापलेली आहे. चित्रांवरही झाडांची नावं नागरीत कोरलेली आहेत. लिनियस स्वतः कधी भारतात आला नाही. या लोकांनी सांगितलेलं नाव त्याने लॅटिनमध्ये बसवलं.

‘मिचेलिया’ हा पहिला भाग फ्लॉरेन्सच्या पिएर अंतोनियो मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ होता. आता तो गेला. मिचेलिया आणि मॅग्नोलिया यांच्यातला मुख्य फरक एवढाच होता की मॅग्नोलियाचं फूल फांदीच्या टोकाला येतं आणि मिचेलियाचं पानाच्या बेचक्यात. जनुकीय अभ्यासानंतर ही दोन वेगळी घरं ठेवण्यात अर्थ राहिला नाही आणि सोनचाफा मॅग्नोलिया चंपाका झाला. जुन्या पुस्तकांत तुम्हाला पहिलं नाव दिसेल. ते चुकीचं म्हणून खोडू नका, पण पाटीवर नवं लिहा.

आता तुमच्या बागेतला सोनचाफा जवळ जाऊन पाहा. फुलात पाकळ्या आणि त्यांखालची हिरवी दलं असा भेद दिसत नाही. सगळ्या पिवळ्या पाकळ्या एकसारख्या, सुट्या, साधारण डझनापासून वीसपर्यंत. त्या बाजूला सारल्या की मधे एक छोटा खांब दिसतो. खाली त्याच्याभोवती पुंकेसर, वर हिरवट स्त्रीकेसर, सगळं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखं वळत गेलेलं. ही फुलाची फार जुनी ठेवण आहे. मग कोवळी फांदी पाहा. पान जिथून निघतं तिथे फांदीभोवती बारीक कड्यासारखी खूण असते. कोवळ्या पानाला गुंडाळून ठेवणारं आवरण गळून पडलं की ही खूण मागे राहते. फूल नसतानाही या कड्यावरून मॅग्नोलियाचं घराणं ओळखता येतं. उत्तरेकडे चंपाबद्दल एक दोहा सांगतात, की तिच्यात रूप, रंग, वास हे तीन गुण आणि अवगुण एकच, भुंगा जवळ येत नाही. निरीक्षण चांगलं आहे. या कुळातली फुलं मुख्यतः भुंगेऱ्यांच्या, म्हणजे कठीण पंखांच्या किड्यांच्या भरवशावर असतात. भुंग्यासाठी मधाची मेजवानी ती मांडत नाहीत.

पाकळी जरा चुरगळली की तपकिरी पडते. म्हणूनच वसई-पालघरकडचे बागवाले पहाटे कळ्या खुडतात आणि उमलण्याआधी त्या दादरच्या फुलबाजारात पोचवतात.

कुंपणाशी असलेल्या पांढऱ्या चाफ्याची हकिगत अगदी वेगळी. देवचाफा, खुरचाफा, पांढरा चाफा, गुलाबी-लाल फुलांचा असेल तर लाल चाफा, अशी त्याची नावं. झाड मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं. म्हणजे १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्याआधी ते आपल्याकडे असणं शक्य नाही. देवळाच्या आवारात त्याचं जुनाट वाकडं खोड पाहिलं की ते पुराणकाळापासूनचं वाटतं, पण तसं नाही. हे माहीत असलेलं बरं, कारण त्याने काही वाद आपोआप मिटतात. शंकराला चाफा वाहू नये, अशी समजूत बऱ्याच घरांत आहे. त्यामागे नारदाने खोटं बोलणाऱ्या चंपकाला शाप दिल्याची कथा सांगतात. त्या कथेतला चंपक म्हणजे सोनचाफा. अमेरिकेतून आलेल्या पांढऱ्या चाफ्याचा त्या शापाशी काहीएक संबंध नाही, आणि कित्येक शिवमंदिरांत तो रोज वाहिलाही जातो.

पान तोडून पाहा, पांढरा चीक येईल. सोनचाफ्याला चीक नाही. पाकळ्या पाचच, तळाशी जोडलेल्या. हे कण्हेर, तगर, सदाफुलीचं कूळ. सोनचाफ्याशी त्याचं नातं इतकं दूरचं आहे की सोनचाफ्याला पांढऱ्या चाफ्यापेक्षा आपलं सीताफळ जवळचं आहे. तरी आपल्या लोकांनी त्याला चाफा म्हटलं, कारण संध्याकाळी त्याचा दरवळ आला तेव्हा ओळखीचं दुसरं नाव त्यांच्यापाशी नव्हतं. अनोळखी झाड ओळखीच्या नावात सामावून घेतलं.

आणि गंमत म्हणजे युरोपातल्या लोकांनीही नेमकं हेच केलं. इंग्रजीत या झाडाला फ्रँजिपानी म्हणतात. फ्रान्जिपानी हे इटलीतलं एक सरदार घराणं. त्यांच्यातल्या एकाच्या नावाने ओळखलं जाणारं एक सुगंधी मिश्रण होतं, ते चामड्याच्या हातमोज्यांना लावत. पुढे अमेरिकेतून या फुलाची ओळख झाली तेव्हा त्याचा वास त्या हातमोज्यांसारखा वाटला आणि फुलाला अत्तराचं नाव मिळालं. एरवी अत्तराला फुलाचं नाव मिळतं, इथे उलटं झालं. तिकडे हातमोजे, इकडे सोनचाफा. दोन्हीकडे झाडाचं बारसं नाकानेच केलं.

लाओसमध्ये तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. त्या देशाचं राष्ट्रीय फूल ‘डोक चंपा’. ‘डोक’ म्हणजे फूल. आणि ते फूल कोणतं? आपला पांढरा चाफा. तिथे मूळ चंपाचं नाव पाहुण्याने पार आपलंसं करून टाकलं. इंडोनेशियाने मात्र घोळ होऊ दिला नाही. चंपाका हे नाव सोनचाफ्याच्या घराण्यासाठी राखून ठेवलं आणि या अमेरिकन झाडाला ‘कंबोजा’, म्हणजे कंबोडियाचं, असं नाव दिलं.

त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. हे शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावावरून. तो झाडं शोधत तीनदा कॅरिबियन बेटांवर गेला होता. आता जरा लक्ष द्या, कारण इथे दोन चाफ्यांची नावं एका माणसापाशी येऊन मिळतात. ‘मॅग्नोलिया’ हे नाव घडवणारा माणूस हाच प्लुमिए. मार्तिनिक बेटावरच्या एका झाडाला त्याने १७०३ साली मोंपेलिएच्या पिएर मॅन्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. प्लुमेरिया हे नाव त्याच्या समकालीन तूर्नफोरने त्याच्या गौरवासाठी योजलं. म्हणजे सोनचाफ्याच्या नावातला मॅन्योल प्लुमिएने अजरामर केला आणि देवचाफ्याच्या नावात प्लुमिए स्वतः बसला आहे. झाडांचं नातं नाही, पण नावांचं जुळलं. आणि वनस्पतींची कुळांमध्ये विभागणी करावी ही कल्पना पद्धतशीरपणे मांडणारा पहिला माणूस कोण? हाच मॅन्योल. ‘हे दोन चाफे एकाच कुळातले का’ हा तुमचा प्रश्न विचारता येतो तो त्याच्या कामामुळे.

मांडवावरचा हिरवा चाफा या सगळ्यात मला सर्वांत लाडका. फूल पानांच्याच रंगाचं, समोर असून दिसत नाही. संध्याकाळी पिकल्या फळांसारखा गोड वास येतो आणि मग माणूस मांडवाखाली उभा राहून फूल शोधत बसतो. पिवळं पडू लागलं की वास आणखी गडद होतो. त्याचं शास्त्रीय नाव आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस. पहिला भाग ग्रीक, लटकणं आणि द्राक्षांचा घड या दोन शब्दांपासून झालेला. दुसरा भाग म्हणजे सहा पाकळ्यांचा. वेलावर हात फिरवला तर या नावाचा अर्थ बोटांना लागतो. फुलाचा देठ आकड्यासारखा वाकलेला असतो, त्या आकड्याने वेल आधार पकडतो, आधार मिळाला की आकडा जाड आणि टणक होतो आणि पुढे फळांचा घोसही त्यालाच लटकतो. कूळ सीताफळाचं. सीताफळाचं फूल पाहिलं असेल तर त्या जाड, मांसल, हिरवट पाकळ्या लगेच ओळखू येतील. आणि सीताफळाचं कूळ मॅग्नोलियाच्या कुळाचं सख्खं शेजारी, दोन्ही एकाच गणातली. तेव्हा तुमच्या बागेतल्या चौघांत सोनचाफ्याचं खरं भावकीचं कुणी असेल तर तो हा हिरवा वेल. नाकाचा निवाडा इथे शास्त्राशी जुळला.

कवठी चाफ्याबाबतही तो जुळतो. कवठासारखी गोलसर कळी येणारा हा चाफा तर थेट मॅग्नोलियाच आहे. तो तुमच्या बागेत नाही, पण लावता आला तर जरूर लावा, लहान झुडूप आहे, जागा फार अडवत नाही.

भुईचाफा हळद-आल्याच्या कुळातला. भर उन्हाळ्यात, पानाचा पत्ता नसताना, कोरड्या जमिनीतून थेट फूल वर येतं, म्हणून भुईचाफा. पावसात पानं येतात, वरून नक्षीदार आणि खालून जांभळी. शास्त्रीय नावात, केम्फेरिया रोटुंडामध्ये, एंगेलबर्ट केम्फर हा जपानमध्ये राहिलेला जर्मन वैद्य आहे. हिंदी प्रदेशाने आणखी दोघांना चंपा म्हटलं आहे: आपल्या मुचकुंदाला कनकचंपा आणि कोकण किनाऱ्यावरच्या उंडीला सुलतान चंपा. उंडीला आपल्याकडे कुणी चाफा म्हणत नाही, पण तिचंही फूल सुवासिक आहे.

आता तुमचा चौथा, ‘नागचाफा’. इथे काळजी घ्या. मराठीत नागचाफा म्हणजे नागकेशराचं झाड, मेसुआ फेरिया. चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ. नवी पालवी लालबुंद, खाली लोंबणारी. ‘फेरिया’ म्हणजे लोखंडी, कारण लाकूड विलक्षण जड आणि कठीण. ‘मेसुआ’ हे बगदादच्या दरबारी असलेल्या इब्न मासवैह या नवव्या शतकातल्या वैद्याच्या नावावरून. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष. झाड फार हळू वाढतं आणि नर्सरीत सहसा मिळत नाही. या झाडाला चाफ्याचं नाव कधीपासून आहे, तर अमरकोशापासून. मघाशी सांगितलेलं ‘चाम्पेय’ हे नाव तिथे दोनदा येतं, एकदा चम्पकासाठी आणि एकदा नागकेशरासाठी. म्हणजे एका नावाखाली दोन वेगळी झाडं हा घोळ नर्सरीवाल्यांनी केलेला नाही, तो कोशाइतका जुना आहे.

तुम्ही झुडूप म्हणालात, तेव्हा तुमच्याकडचं झाड बहुतेक नागकेशर नसावं. हल्ली ‘नागचाफा’ किंवा ‘नागचंपा’ म्हणून सर्रास विकतात ते प्लुमेरिया पुडिका, म्हणजे पांढऱ्या चाफ्याचाच भाऊ. पान टोकाकडे रुंद, नागाच्या फण्यासारखं, म्हणून हे नाव. पाच पाकळ्यांची शुभ्र फुलं झुपक्याने येतात, जवळपास वर्षभर. वास जवळजवळ नाही. वर म्हटलं की चाफा हे नाव वासाला मिळतं. हा एक अपवाद, आणि तोही खरा अपवाद नाही, कारण त्याला नाव वासाने मिळालेलं नाही, भावाकडून आलं आहे. ओळखायचं असेल तर चिकावर जाऊ नका, नागकेशराच्या कोवळ्या भागांतूनही चिकट स्राव येऊ शकतो. पानाचा आकार पाहा आणि पाकळ्या मोजा. फणा आणि पाच पाकळ्या असतील तर पुडिका. अरुंद पान आणि चार पाकळ्या असतील तर नागकेशर, आणि मग तुमच्या सोसायटीचं नशीब थोर.

पाट्यांचा मजकूर आता सोपा आहे. पहिल्या झाडाला ‘सोनचाफा, मॅग्नोलिया चंपाका’ लिहा. खाली जागा असेल तर ‘संस्कृत नाव चम्पक, हेमपुष्पक’ जरूर लिहा. मुलं वाचतात. दुसऱ्याला ‘देवचाफा’ लिहा, ‘पांढरा चाफा’ लिहू नका, कारण पांढऱ्या फुलांचा सोनचाफाही असतो, त्याचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया अल्बा, आणि नर्सरीत सगळा गोंधळ तिथेच होतो. देवचाफ्याची नेमकी जात ठरवायला पानाचं टोक पाहा. टोक अणकुचीदार असेल तर प्लुमेरिया रुब्रा, गोलसर असेल तर प्लुमेरिया ऑब्ट्युसा. ‘रुब्रा’ म्हणजे लाल. फूल पांढरं असताना पाटीवर लाल कसं लिहायचं म्हणून अडखळू नका, या जातीची फुलं पांढरी, पिवळी, गुलाबी, लाल अशी सगळ्या रंगांत येतात. तिसऱ्याला ‘हिरवा चाफा, आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस, सीताफळाचं कूळ’. चौथ्याला, पुडिका निघाला तर, नर्सरीतलं नाव ठेवा पण पुढे प्लुमेरिया पुडिका लिहा, म्हणजे कुणी त्याला नागकेशर समजून औषधासाठी फुलं तोडणार नाही. त्याचा चीक त्वचेला त्रास देतो आणि पोटात जाणं धोक्याचं आहे.

पाट्या खोडाला ठोकू मात्र नका. देवचाफ्याचं खोड मऊ असतं, खिळ्याच्या जागी चीक गळत राहतो आणि तिथून कुजायला सुरुवात होते. लोखंडी सळईवर पाटी बसवून ती बुंध्यापासून हातभर अंतरावर जमिनीत रोवा. हिरव्या चाफ्याची पाटी मांडवाच्या खांबाला बांधलीत तर काही महिन्यांत वेल तिच्यावर आकडा टाकेल, म्हणून तीही जमिनीतच रोवा.